वर्गाबाहेरचा तास



कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय 'जीवनकौशल्ये आणि भावनिक बुद्धिमत्ता' असा छापला आहे. पण आज पेण स्टेशनवर उतरले आणि आमची दिवा गाडीच आठवली. आम्ही रोह्याच्या मुली तिनेच कॉलेजला यायचो. नागोठणं, कासू करत डबा भरायचा. धाटावच्या कंपनीतून कुणाच्या वडिलांना घरी बसवलं, हे त्या मुलीनं सांगण्याआधी डब्याला कळलेलं असायचं. मग कुणी काही विचारायचं नाही. फक्त तिच्यापुढे दोन डबे उघडायचे.

त्या डब्यात आम्ही जे शिकलो, त्यालाच आता जीवनकौशल्य म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेनं अशी दहा जीवनकौशल्यं सांगितली आहेत. समानुभूती, निर्णय घेणं, ताण आणि भावना हाताळणं ही त्यातलीच. विद्यापीठ अनुदान आयोगानंही २०१९ मध्ये पदवीच्या मुलांसाठी 'जीवन कौशल्य' अभ्यासक्रम आणला. चांगलं झालं. बाकीचं तुमचे प्राध्यापक माझ्याहून नीट शिकवतील.

माझं म्हणणं एकच आहे. मे महिन्याच्या सुट्टीत अनोळखी माणसांच्या हाताखाली काम करा. मी इथल्याच हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात घासकामाला जायचे. एकदा शेजारच्या मुलाच्या हातून मूर्तीची सोंड तुटली. मालक भडकले, खूप बोलले. तो रडकुंडीला आला. दहा मिनिटांनी तेच मालक त्याच्या शेजारी बसून सोंड जोडत होते आणि कशी धरायची ते त्याला दाखवत होते. राग येतो, तो बोलला जातो आणि तरीही माणूस तुटत नाही, हे मी तिथं पाहिलं. फोनवर माणूस नकोसा झाला की ब्लॉक करता येतो. कारखान्यात संध्याकाळपर्यंत त्याच्याच शेजारी बसावं लागतं. म्हणून म्हणते, काम करा. पैशासाठी नाही, माणसं सोसायला आणि समजायला शिकण्यासाठी करा. याच पेण तालुक्यातल्या गागोद्याला १८९५ साली विनोबा जन्मले. इथं तरी श्रमाला शिक्षण म्हणायला कुणाची हरकत नसावी.

पुढे बसलेल्या आयांनो, पोरगी कारखान्यात जाते म्हणाली तर 'लोक काय म्हणतील' म्हणू नका. निकालाच्या दिवशी गुण विचारण्याआधी तिला जेवायला वाढा. आणि मागे उभ्या असलेल्या मुलांनो, मन फारच जड झालं तर ते मित्राला सांगा, सरांना सांगा, नाहीतर टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा नंबर फिरवा. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

प्राचार्य सर, तुमच्याकडे एक मागणं आहे. सुट्टीतल्या या कामाला श्रेयांक द्या. हमरापूर आणि जोह्याच्या कारखानदारांशी बोलायला मी तुमच्याबरोबर येईन. पुढच्याच आठवड्यात जाऊ या.