सुईविना टोचणी



टोचून घ्यावयाचे नाव काढताच मूल माजघरात कोठे दडते, हे येथे जमलेल्या मातांस सांगावयास नको. थोरांपैकीही कित्येक हात पुढे करून मान फिरवितात. तेव्हा सुईवाचून औषध देणारे यंत्र निघाले आहे, हे ऐकून आपणांस आनंद व्हावा हे स्वाभाविकच होय. आम्हांसही तो झाला. मात्र या यंत्राचा पूर्वेतिहास आपल्या कानी घालणे आम्ही अगत्याचे मानतो.

युक्ती साधी आहे. स्प्रिंगच्या किंवा वायूच्या दाबाने औषध इतक्या सूक्ष्म छिद्रातून सोडावयाचे की, त्याची केसासारखी धारच त्वचेत शिरावी. त्वचेत रोगाशी झुंजणाऱ्या पेशींची दाटी असते, म्हणून तेथे थोड्या लसीतही काम भागते. आपल्या देशात २०१६ पासून पोलिओची टोचावयाची लस ०.५ ऐवजी ०.१ मिलिलिटर इतकीच त्वचेत देऊ लागले. ती दिली जाते सुईनेच; परंतु सुई त्वचेखाली उतरू न देण्यास हात मुरलेला लागतो. यंत्राने ही अडचण पुष्कळशी दूर होते. ऑगस्ट २०२१ मध्ये आपत्कालीन अनुमती मिळालेली, अहमदाबादच्या झायडस कॅडिला कंपनीची झायकोव्ह-डी ही करोनावरील लस अशाच यंत्राने देण्याची योजना होती.

आता दुसरी बाजू. १९६० नंतरच्या दशकात पश्चिम आफ्रिकेतील देवी-निर्मूलनात पायाने दाब भरावयाची यंत्रे वापरली गेली. तासाभरात शेकडो माणसे टोचून होत, पण यंत्राचे तोंड सर्वांस एकच! सुई नाही म्हणजे रक्ताचा संबंध नाही, असा समज होता. धार आत शिरताना रक्ताचा अदृश्य अंश उलट उडून तोंडास लागतो, हे ध्यानी आले नव्हते. १९८५ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील वजन उतरविण्याच्या एका दवाखान्यात अशाच यंत्रामुळे हिपॅटायटिस-बी ही यकृताची व्याधी अनेकांस जडली. अमेरिकेच्या लष्कराने १९९७ मध्ये ही सामाईक तोंडाची यंत्रे बंद केली. हल्लीच्या यंत्रांत औषधाची नळी व तोंड प्रत्येकास नवे असते, आणि एकदा वापरलेली नळी पुन्हा भरता येऊ नये अशी तिची घडणच असते.

म्हणून आरोग्य-शिबिरात असे यंत्र दिसल्यास आपल्यासमोर नवे पाकीट फोडले जाते की नाही, एवढे पाहावे. संकोच न करता विचारावे. मुलास मात्र काहीच लागणार नाही असे सांगू नये. रबर ताणून सोडल्यासारखा चटका बसतो, आणि कधी जागा दिवसभर लाल राहते.