मोटरीवर लिहिलेला नंबर
(रेडिओवरील भाषण)



सुरत जिल्ह्यातलं कडोदरा तुमच्यापैकी अनेकांनी एसटीच्या खिडकीतून पाहिलं असेल. धुळे, नंदुरबार, जळगावकडून सुरतेला जाणारी गाडी नवापूर, सोनगड, व्यारा, बारडोली करत कडोदऱ्याच्या चार रस्त्याला येते. तिथे मुंबई-अहमदाबादचा हमरस्ता आडवा जातो. तो ओलांडला की सुरत जवळ आली म्हणून लोक डोक्यावरच्या पिशव्या काढायला लागतात. मी मात्र सुरतेपर्यंत गेलो नाही. ब्रशांची पिशवी घेऊन कडोदऱ्यालाच उतरलो. तेव्हापासून दुकानांच्या पाट्या आणि भिंती रंगवणं हेच माझं काम आहे. आज बोलायचं आहे ते माझ्याकडे येणाऱ्या लहान कारागिरांबद्दल. मोटर रिवाइंडिंगवाला, प्लंबर, वायरमन, वेल्डिंगवाला, शिंपी. यांनी थोड्या पैशांत आपलं नाव लोकांपर्यंत कसं न्यावं, याबद्दल.

आमच्या कडोदऱ्याला लागूनच वरेली नावाचं गाव आहे. हे नाव तुम्ही ऐकलेलं आहे. गार्डन वरेली साड्यांच्या जाहिराती ज्या पिढीनं मासिकांतून आणि टीव्हीवर पाहिल्या, तिला हे नाव पाठ आहे. ते एका खेड्याचं नाव आहे हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. पलसाणा तालुक्यातलं हे गाव, तिथली गार्डनची मिल, आणि तिच्या नावाची साडी देशभरच्या कपाटांत. जाहिरात काय करू शकते ते आमच्या शेजारीच दिसतं. म्हणूनच आमच्याकडचा नवा कारागीर दुकान टाकलं की पहिल्यांदा मोठ्या जाहिरातीचाच विचार करतो. माझ्याकडे येतो आणि म्हणतो, "दादा, हायवेला फ्लेक्स लावून द्या. सगळ्यांना दिसला पाहिजे."

अशा वेळी मी त्याला खाली बसवतो आणि हिशेब मांडतो. ताशी ६० किलोमीटरनं जाणारी गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर पुढे जाते. आम्हा पेंटर लोकांचा ठोकताळा असा, की दहा फुटांवरून सहज वाचायचं असेल तर अक्षर इंचभर उंच हवं. म्हणजे तीनशे फुटांवरून वाचायला अडीच फुटांचं अक्षर. एवढ्या अक्षरात दुकानाचं नाव, कामाची यादी, पत्ता आणि दहा आकडी नंबर बसवायचा तर फलक केवढा होईल? वर पालिकेची परवानगी, जागेचं भाडं, आणि वर्षभरात उन्हानं उडणारा रंग. एवढं करून तो वाचणार कोण? मुंबईहून अहमदाबादला निघालेला ट्रकवाला. त्याच्या घरची पाण्याची मोटर जळली तर तो कडोदऱ्याला आणणार आहे का?

"मग लोकांच्या तोंडून नाव पसरू दे," असं दुसरे सांगतात. चांगलं काम कर, लोक आपोआप सांगतील. गावाकडे हे खरं आहे. शिरपूरकडच्या एखाद्या खेड्यात एका सुतारानं बैलगाडीचं चाक नीट बसवलं तर त्याचा नातूसुद्धा त्या नावावर काम मिळवतो. पण कडोदऱ्यात मी वेगळंच पाहिलं. इथे डाइंग-प्रिंटिंगच्या मिला, लूमचे कारखाने आणि त्यांच्या भोवती खोल्यांच्या चाळी. ओडिशाच्या गंजामकडचे, उत्तर प्रदेश-बिहारचे आणि आपले खान्देशातले लोक. माणूस एका खोलीत वर्ष-दोन वर्षं राहतो, मिल बदलली की खोली बदलतो. होळीला किंवा लग्नसराईत गावी गेलेला परत येतो, कधी येत नाही. ज्याच्याकडे तुम्ही मन लावून काम केलंत, तो तुमची कीर्ती सोबत घेऊन गंजामला किंवा गोरखपूरला निघून जातो. तिथे ती तुमच्या काय उपयोगाची? खोलीत नवा माणूस येतो. नळ तोच, मोटर तीच, पण तुमचं नाव त्याला माहीत नाही.

हे कळायला मला फार वर्षं लागली. आणि कळलं तेव्हापासून मी प्रत्येक कारागिराला एकच गोष्ट सांगतो: माणसं जातात, वस्तू राहते. आपला नंबर वस्तूवर लिही.

मोटर रिवाइंडिंगवाल्याचंच घ्या. कॉइल नवी भरली, मोटर फिरवून दाखवली, पैसे घेतले की बहुतेक जण कार्ड देतात. कार्ड खिशात जातं आणि कपड्यांबरोबर धुतलं जातं. त्याऐवजी नंबर मोटरीच्या अंगावरच लिहावा. कागदी स्टिकर नको. मोटर तापते आणि पाणी उडतं, त्यात तो सुटून येतो. पत्र्याचं स्टेन्सिल कापून ऑईलपेंटनं लिहावं, किंवा ॲल्युमिनियमची पट्टी रिव्हेट मारून बसवावी. सबमर्सिबल असेल तर ती बोअरमध्ये उतरते, तिच्यावर लिहून कोण वाचणार? तिथे नंबर स्टार्टरच्या डब्यावर, झाकणाच्या आतल्या बाजूला लिहावा. मोटर बंद पडली की माणूस पहिल्यांदा तेच झाकण उघडतो. आणि नंबराखाली वाइंडिंगची तारीख लिहायला विसरू नये. तारीख लिहिणारा कारागीर आपल्या कामाची जबाबदारी घेतो हे गिऱ्हाइकाला न बोलता कळतं. पुढे काम किती टिकलं यावरून वादही होत नाही.

वायरमननं एमसीबीच्या डब्याच्या दारावर लिहावं. प्लंबरनं मुख्य व्हॉल्व्हच्या शेजारी भिंतीवर, घरमालकाला विचारून. कूलरवाल्यानं पाण्याच्या टाकीवर नाही, मागच्या जाळीच्या चौकटीवर. शिंप्यांना हे फार पूर्वीपासून माहीत आहे. शर्टाच्या कॉलरमागची पट्टी म्हणजे तेच. गरज जिथे उभी राहील तिथेच नाव असावं. हमरस्त्यावरच्या फ्लेक्सच्या भाड्यात असे किती तरी नंबर लिहून होतात, आणि ते वर्षानुवर्षं तिथेच राहतात.

आता वस्तूसारखीच न हलणारी माणसं शोधायची. तीही असतात. खोल्यांचा मालक कुठे जात नाही. वीस खोल्यांची दुरुस्ती त्याच्या एका फोनवर होते. हार्डवेअरच्या दुकानात वॉशर घ्यायला आलेला माणूस हमखास विचारतो, "बसवून देणारा कोणी आहे का?" त्या दुकानदाराच्या काउंटरवर तुमचा नंबर असायला हवा. मिलमधला मेंटेनन्सचा माणूस, सोसायटीचा वॉचमन, किराणावाला. अशा पंधरा जणांची यादी करावी आणि महिन्यातून एकदा प्रत्यक्ष जाऊन भेटावं. त्यांच्या घरचं छोटं काम आधी करावं, वेळेवर करावं. याला खर्च म्हणजे पायपीट आणि चहा.

पाटीच्या लिपीबद्दलही बोललं पाहिजे, कारण तो माझ्या हातचा विषय आहे. गावाकडून आलो तेव्हा मला गुजराती अक्षर काढता येत नव्हतं. सवयीनं हात वरची रेघ ओढायला जायचा, आणि गुजरातीला शिरोरेषा नाही. जुन्या काळी या लिपीला व्यापाऱ्यांची म्हणून शराफी आणि वाणियाशाई म्हणत. हिशेब आणि पत्रं भरभर लिहायची लिपी, आपल्याकडच्या मोडीसारखी. ती शिकायला मला एक पावसाळा गेला. आता मी सांगतो की कडोदऱ्यात पाटी गुजरातीत हवीच, पण दुसरी ओळ देवनागरीत घ्या. 'मोटर रिवाइंडिंग' देवनागरीत लिहिलं की बिहारचा, बनारसचा आणि धुळ्याचा, तिघंही वाचतात. एका ओळीच्या रंगात तीन गिऱ्हाइकं. वस्ती ओडिया असेल तर ओडिया अक्षरं जाणणाऱ्याकडून कामाचं नाव कागदावर लिहून आणा, मी ते गिरवून देतो. आपली लिपी परक्या गावात भिंतीवर दिसली की माणसाचं पाऊल थबकतं. एकदा एका दुकानाच्या पाटीवर मी कोपऱ्यात लहान अक्षरांत मालकाच्या गावाचं नाव घातलं. आठवड्यात एक म्हातारे गृहस्थ पाटीखाली उभे राहून सोबतच्या मुलाला सांगत होते, "हाऊ आपलाच मानूस शे." त्यांचं काम दुसरीकडे जाणं शक्यच नव्हतं.

एक चूक माझ्या हातून झाली, ती इथे सांगतो, कारण त्यात एका गरीब माणसाचं नुकसान झालं. एका वेल्डिंगवाल्यासाठी लांबच लांब भिंत रंगवली. अक्षरं देखणी आली, लोकांनी कौतुक केलं. दोन महिन्यांनी तो आला आणि म्हणाला, एकही फोन आला नाही. जाऊन पाहिलं तर नंबरात ३ च्या जागी ८ पडला होता. दोन महिने त्याची गिऱ्हाइकं भलत्याच माणसाला फोन करत होती. मी भिंत पुन्हा फुकट रंगवून दिली, पण गेलेला हंगाम परत देता आला नाही. तेव्हापासून शिडी उचलण्याआधी मी भिंतीवरचा नंबर वाचून त्यावर फोन लावतो. मालकाच्या खिशात घंटी वाजली की शिडी उचलायची. कार्ड छापा, स्टिकर छापा, काहीही छापा, हे एवढं न चुकता करा.

मोबाईलचं काय, असं तरुण पोरं विचारतात. करायलाच हवं, आणि त्यात पैसे लागत नाहीत. गुगलच्या नकाशावर धंद्याची नोंद फुकट होते. दुकान नसेल, घरोघर जाऊन काम करत असाल, तर घरचा पत्ता लपवून फक्त कुठल्या भागात काम करता तेवढं दाखवता येतं. फोटो स्वतःच्या कामाचे टाका. जळालेली कॉइल आणि नवी भरलेली कॉइल शेजारीशेजारी. काम झाल्यावर गिऱ्हाइकाला दोन ओळींचा अभिप्राय लिहायला सांगा, त्याच्याच भाषेत. व्हॉट्सॲपचं धंद्यासाठीचं वेगळं ॲप २०१८ साली आलं. त्यात कामाची वेळ, दर आणि फोटो मांडून ठेवता येतात. मात्र फोन करून "नोंद पहिल्या नंबरावर आणून देतो, पैसे भरा" म्हणणाऱ्यांपासून सावध राहा. नकाशातल्या नोंदीत वरचा क्रमांक विकत मिळत नाही. आणि ओटीपी कोणी मागितला तर फोन तिथेच ठेवा. किती कष्टाचे पैसे असे गेलेले मी ऐकले आहेत.

वेळही पाहावी लागते. कूलरचं सांगणं होळीच्या आधी, पंपाचं पावसाच्या आधी. दिवाळीत इथले कारखाने आणि दुकानं बंद असतात आणि लाभपंचमीला मुहूर्त करून उघडतात. लोक गावाहून परततात, बंद घरं उघडतात, नळ गळायला लागतात. त्या आठवड्यात चिठ्ठ्या वाटल्या तर एकही वाया जात नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशी घरांत कानबाई बसते. त्या दिवशी सगळी वस्ती एकमेकांच्या दारात असते. मंडळाच्या मोठ्या बॅनरवर पन्नास फोटोंच्या गर्दीत आपला फोटो छापायला पैसे देण्यापेक्षा, त्या रात्रीची वायरिंग स्वतः उभं राहून करून द्यावी. रात्रभर दिवा गेला नाही हे सगळे पाहतात आणि कोणी जोडलं ते विचारतात.

गिऱ्हाइकाच्या घरी आपलं नाव राहावं, हा विचार मराठी माणसाला नवा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडानं जमीन नासेल या भीतीनं शेतकरी तो घेईनात. सुरुवातीचे नांगर खपायलाच दोनेक वर्षं गेली. पुढे कारखाना वाढला आणि १९२० साली किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' निघू लागलं. शंकरराव किर्लोस्करांनी ते सांभाळलं. कारखान्याच्या मालाची ओळख करून देणारं ते पत्र पुढे 'किर्लोस्कर' मासिक होऊन घराघरांत वाचलं गेलं. नांगर विकून झाल्यावरही गिऱ्हाइकाच्या घरी आपलं काहीतरी राहिलं पाहिजे, ही समज त्यांना होती. आमचा मोटरवाला मासिक काढू शकत नाही. त्याच्याकडे एक ब्रश आणि मोटरीची चार बोटं जागा आहे.

शेवटी एक वही ठेवा. फोन आला की काम ऐकून घेतल्यावर विचारा, "नंबर कुठे मिळाला?" आणि त्या नावापुढे एक रेघ ओढा. मोटर, हार्डवेअर, नकाशा, पाटी, चिठ्ठी. तीन महिन्यांनी रेघा मोजा. समजा हजार रुपयांच्या चिठ्ठ्या वाटून दोन कामं आली आणि शंभर रुपयांच्या रंगानं नऊ आली, तर पुढचा रुपया कुठे घालायचा हे कोणाला विचारावं लागत नाही.

ज्याला मी पहिल्यांदा मोटरीवर लिहायला सांगितलं होतं, तो रिवाइंडिंगवाला गेल्या महिन्यात वही घेऊन माझ्याकडे आला. वरेलीच्या एका चाळीतून फोन आला होता. बोलणारी बाई नवी, खोलीत येऊन तिला पंधरा दिवस झालेले. तिनं स्टार्टरच्या डब्याचं झाकण उघडून नंबराबरोबर तारीखही वाचून दाखवली होती. सात वर्षांपूर्वीची. त्यानं वहीत 'मोटर'पुढे रेघ ओढली आणि माझ्याकडून नवं स्टेन्सिल कापून घेतलं. जुन्याच्या कडा रंगानं बुजल्या होत्या.