राष्ट्रपतिपद : अनुभव कोणता आणि कशासाठी?

(मुरुड, ता. दापोली, जि. रत्नागिरी येथील व्याख्यान)



अध्यक्षपदाची प्रतिष्ठा कशी सार्थकी लावावी, हे मुरुडकरांना निराळे सांगावयास नको. याच गावात वाढलेले महर्षी धोंडो केशव कर्वे १९१५ साली मुंबईस भरलेल्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे अध्यक्ष झाले. तेथील भाषणात त्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ साली ते विद्यापीठ उभे राहिले. अध्यक्षीय भाषणातील कल्पना इतक्या त्वरेने प्रत्यक्षात उतरल्याची उदाहरणे विरळाच! तिच्यामागे १८९६ पासून चालविलेल्या अनाथ बालिकाश्रमाचा जवळजवळ वीस वर्षांचा अनुभव होता.

राष्ट्राच्या सर्वोच्च पदासाठी अनुभवाची अट किती? राज्यघटनेचा अनुच्छेद ५८ चाळून पाहावा. भारताचे नागरिकत्व, वयाची ३५ वर्षे पूर्ण, लोकसभेवर निवडून येण्याची पात्रता आणि लाभाचे पद नसणे, एवढ्याच अटी. उपराष्ट्रपतीसाठी अनुच्छेद ६६ लोकसभेच्या जागी राज्यसभा म्हणतो, इतकाच काय तो फरक. अमेरिकेच्या घटनेतही वयाची अट ३५ चीच असून अनुभवाचा उल्लेख नाही. पण तेथील अध्यक्ष स्वतः राज्यशकट हाकतो, म्हणून त्याच्या अनुभवाची चर्चा दर निवडणुकीत रंगते. आपला राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतो. मग त्याला अनुभव हवा तरी कशाला, असे कोणी विचारील.

त्याचे उत्तर २५ जून १९७५ च्या रात्रीने दिले आहे. फक्रुद्दीन अली अहमद यांच्या अनुभवात काय उणे होते? विलायतेत बॅरिस्टर झालेले, १९३८ साली आसामात मंत्री, पुढे केंद्रात मंत्री. कायदा आणि कारभार दोन्ही जाणणारा माणूस. तरीही मंत्रिमंडळाची बैठक झालेली नसताना केवळ पंतप्रधानांच्या पत्रावर आणीबाणीच्या घोषणेवर त्यांची स्वाक्षरी झाली. मंत्र्यांना बोलावून संमती घेतली गेली ती दुसऱ्या दिवशी पहाटे. त्या स्वाक्षरीची किंमत कोकणातल्याही कित्येक घरांनी कारावासाच्या रूपाने मोजली. राष्ट्रपतींनी ‘मंत्रिमंडळाचा निर्णय कोठे आहे?’ एवढे विचारले असते तर काय झाले असते, हे सांगता येत नाही. विचारावयास हवे होते, हे मात्र निश्चित. पुढे १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय सक्तीचा केला आणि सल्ला एकदा फेरविचारार्थ परत पाठविण्याचा अधिकारही राष्ट्रपतींना दिला.

हा अधिकार कसा वापरावा, ते के. आर. नारायणन यांनी दाखविले. १९९७ साली उत्तर प्रदेशातील कल्याणसिंह सरकार बरखास्त करण्याची गुजराल मंत्रिमंडळाची शिफारस त्यांनी परत पाठविली. पुढल्याच वर्षी बिहारविषयीची वाजपेयी मंत्रिमंडळाची शिफारसही त्यांनी परत केली. दुसरा निर्णय आपल्यापैकी अनेकांना तेव्हा रुचला नव्हता. परंतु पहिल्याची प्रशंसा करणाऱ्याने दुसऱ्याबद्दल कुरकूर करू नये. नारायणन त्यापूर्वी पाच वर्षे उपराष्ट्रपती होते. राज्यसभेच्या सभापतीच्या आसनावर बसून दोन्ही बाजूंचे ऐकून घेण्याची सवय तेथे जडते आणि ती मंत्रिपदाच्या अनुभवाहून निराळी असते.

याउलट डॉ. अब्दुल कलाम. लोकांचे अपार प्रेम लाभलेला हा शास्त्रज्ञ राजकारणात नवखा होता. मे २००५ मध्ये मॉस्कोच्या मुक्कामी असताना त्यांनी बिहार विधानसभेच्या विसर्जनास संमती दिली. सर्वोच्च न्यायालयाने ते विसर्जन घटनाबाह्य ठरविले. पण त्याच कलामांनी २००६ साली लाभाच्या पदासंबंधीचे विधेयक संसदेकडे फेरविचारार्थ परत पाठविले. नवखा माणूस पदावर शिकतो. मात्र त्या शिकण्याची फी देशाला भरावी लागते.

उपराष्ट्रपतिपद शोभेचे मानणाऱ्यांनी १९६९ साल आठवावे. ३ मे रोजी डॉ. झाकीर हुसेन यांचे निधन झाले आणि व्ही. व्ही. गिरी कार्यवाहक राष्ट्रपती झाले. १९ जुलै रोजी बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम त्यांच्या स्वाक्षरीने निघाला आणि दुसऱ्या दिवशी निवडणूक लढविण्यासाठी त्यांनी राजीनामा दिला. मग सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांना ती जबाबदारी सांभाळावी लागली. दुसऱ्या क्रमांकाची खुर्ची केव्हा पहिली होईल, याचा नेम नसतो.

उपराष्ट्रपतिपदावरून राष्ट्रपती झालेले आजवर सहा. पहिले डॉ. राधाकृष्णन दहा वर्षे राज्यसभेचे सभापती होते. त्या सभागृहात नियुक्त सदस्य म्हणून दापोलीत शिकलेले महामहोपाध्याय पां. वा. काणे बसत, आणि १९६३ साली काणे यांना ‘भारतरत्न’ मिळाले तेव्हा राष्ट्रपतिपदी राधाकृष्णनच होते. हा क्रम म्हणजे काही नियम नव्हे. २००७ साली तीनदा मुख्यमंत्री राहिलेले उपराष्ट्रपती भैरोंसिंह शेखावत पराभूत झाले आणि जळगावच्या प्रतिभाताई पाटील निवडून आल्या. त्यांचाही अनुभव अल्प नव्हता : १९६२ पासून आमदारकी, राज्यसभेचे उपसभापतिपद, खासदारकी, राजस्थानचे राज्यपालपद. द्रौपदी मुर्मू यांची वाट १९९७ साली रायरंगपूरच्या नगरसेविकापदापासून सुरू झाली. झारखंडच्या राज्यपाल असताना, २०१७ साली, आदिवासींच्या जमिनीसंबंधीची दुरुस्ती विधेयके त्यांनी परत पाठविली, आणि तेव्हा राज्यात सरकार त्यांच्याच पूर्वीच्या पक्षाचे होते.