घारापुरीचा इतिहास कोणाचा?



आज आम्हांस घारापुरी बेटाविषयीं बोलावयाचें आहे. पुस्तकवाले त्यास एलिफंटा म्हणतात. पोर्तुगीज १५३४ सालीं या मुलखाचे धनी झाले, त्यांस बेटावर दगडाचा मोठा हत्ती दिसला, आणि त्यांनीं बेटास हत्तीचें नांव देऊन टाकलें. तो हत्ती आज बेटावर नाहीं! १८६४ सालीं तो विलायतेस न्यावा म्हणून उचलूं लागले, तों यारी मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते पुढें मुंबईस १९१४ सालीं जोडले, भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारांत तो उभा आहे. हत्ती गेला तरी त्याचें नांव राहिलें, आणि जीं माणसें राहिलीं त्यांचें नांव मात्र कोणी घेत नाहीं.

लेण्याच्या दारावर एक शिलालेख होता. तो काढून पोर्तुगालास पाठविला, असें त्यांच्याच कुतो नांवाच्या बखरकारानें लिहून ठेविलें आहे. पुढें त्याचा पत्ता लागला नाहीं. त्यामुळें लेणें कोणत्या राजाचें यावर पंडितांचा वाद चालूं आहे. पुष्कळांचें मत सहाव्या शतकांतील कलचुरींकडे झुकतें. चालूं द्या. आमचा प्रश्न निराळा आहे. लोक ज्यास त्रिमूर्ति म्हणतात, तें सुमारें वीस फूट उंचीचें सदाशिवाचें शिल्प ज्यांनीं काळ्या कातळांतून काढलें, ते पाथरवट कोण? त्यांनीं पाणी कोठून आणलें, त्यांच्या पोरांनीं भाकरी काय खाल्ली? शिलालेख सांपडला तरी त्यांत दानशूर राजा सांपडेल, मठपति सांपडेल. छिनी धरणारा सांपडेल अशी आम्हांस फारशी आशा नाहीं.

पुढें १७८२ सालीं पेशव्यांचे कारभारी आणि इंग्रज यांनीं सालबाईचा तह केला. त्यांत साष्टी, घारापुरी व कारंजा हीं बेटें इंग्रजांकडे राहिलीं. कारंजा म्हणजे हें आपलें उरण. तेव्हां बंधूंनो, आपण सारे एकाच कागदावर विकले गेलों, आणि येथल्या एकाही आगरी-कोळ्यास कोणीं विचारलें नाहीं.

आतां अलीकडचें ऐका. लेण्यांस १९८७ सालीं जागतिक वारशाचा मान मिळाला. देशोदेशींचे पाहुणे मुंबईहून तासाभराच्या लाँचनें येऊं लागले. परंतु शेतबंदर, मोराबंदर व राजबंदर या तीन गांवांत बारमाही वीज आली ती २०१८ सालीं! समुद्राच्या तळाशीं साडेसात किलोमीटर तार टाकली, तेव्हां. म्हणजे दगडाच्या देवास मान मिळाल्यावर जित्या माणसाच्या घरांत दिवा लागावयास एकतीस वर्षें गेलीं. तोंवर रात्रीं कांहीं तास जनरेटर, मग काळोख. आणि त्या काळोखांतून समोर मुंबईचा लखलखाट दिसे. कोणी म्हणतील, समुद्राची अडचण होती. अडचण होतीच, पण समुद्र पाहुण्यांस कधीं आडवा आला नाहीं.

लेणें आम्हांस नको आहे असा अर्थ कोणी करूं नये. पायऱ्यांवर दुकान मांडणाऱ्या आयाबहिणींची चूल त्यावरच पेटते. आमचें म्हणणें इतकेंच कीं, भातशेती, मासेमारी, होड्यांची डागडुजी करून ज्यांनीं बेट वसतें ठेविलें, त्यांचीही बखर व्हावी. ती सरकार लिहिणार नाहीं, पंडित तर नाहींच नाहीं. शाळेंतील मुलामुलींनीं वही घेऊन म्हाताऱ्याकोताऱ्यांपुढें बसावें. कोणत्या खाचराचें नांव काय, विहीर कोणीं खणली, लग्नांत कोणत्या गांवची मुलगी होडींतून आली, पावसाळ्यांत आजारी माणूस पलीकडे कसा नेला, सर्व उतरून घ्यावें. बायांस आधीं विचारावें. त्यांस अधिक आठवतें, हा आमचा अनुभव आहे.

पुढील सभेस ज्यांची वही भरली असेल त्यांनीं ती बरोबर आणावी. त्या दिवशीं आम्ही भाषण करणार नाहीं, ऐकावयास बसूं.