‘बायल्या’ ही शिवी कुणाला लागते?

(नरसी नामदेव येथे बचतगटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

आज बोलायला उभी राहिले ती एका मोटारगाडीबद्दल. तुम्ही म्हणाल, ही बाई एवढी शिकली, एम.एस.डब्ल्यू. झाली, आणि कयाधूच्या काठावर येऊन आम्हाला कोट्यवधीच्या गाडीच्या गोष्टी सांगते. आपल्या गटात दर महिन्याला शंभर रुपये भरताना काहीजणींची ओढाताण होते, हे मला माहीत आहे. पण ही गाडी आपल्या गावात आधीच येऊन गेली आहे. रस्त्यावरून नाही, मोबाईलमधून आली. आणि येताना एका पोराला धडक देऊन गेली.

त्या मुलाचं नाव मी सांगणार नाही. भजनात त्याचा आवाज चांगला. गौळण म्हणायला उभा राहिला की बाया हातातलं काम थांबवून ऐकतात. चालणं जरा नाजूक, बोलताना हात हलवतो. पारावरच्या पोरांनी मोबाईलवर एक जाहिरात पाहिली, हसली, आणि मग याला त्या जाहिरातीतल्या माणसांचं नाव ठेवलं. त्याचं चालणं चोरून टिपलं आणि फिरवलं. दोन महिने झाले, तो भजनाला आला नाही. त्याच्या आईनं मला विचारलं, “ताई, त्या गाडीच्या जाहिरातीत असं काय हाय?” म्हणून मी शोधायला बसले. तेच आज सांगते.

गाडीचं नाव जॅग्वार. इंग्लंडातली जुनी, श्रीमंतांची गाडी. पण तिची मालकी आता आपल्याकडची आहे. २००८ साली टाटा मोटर्सनं जॅग्वार आणि लँड रोव्हर या दोन्ही कंपन्या फोर्डकडून २३० कोटी डॉलरना विकत घेतल्या. म्हणजे तुमच्या बाजाराला माल नेणारा ‘छोटा हत्ती’ आणि ही जॅग्वार, दोघांचं घराणं एकच.

नोव्हेंबर २०२४ मध्ये या कंपनीनं जॅग्वारचं रूप बदललं. झेप घेणाऱ्या जनावराचं जुनं चित्र मागे सरलं, नावाची अक्षरं गोलसर झाली, आणि अर्ध्या मिनिटाची एक जाहिरात आली. तिच्यात गाडी नव्हती! भडक रंगांचे कपडे घातलेली माणसं होती. कुणी काळी, कुणी गोरी, कुणी वयस्क. काहींच्या कपड्यांवरून बाई की पुरुष ते पटकन कळत नव्हतं. कुणाची नक्कल करू नका, चाकोरी मोडा, असा तिचा सांगावा होता.

झालं. जगभर गदारोळ उठला. इलॉन मस्क या अब्जाधीशानं विचारलं, तुम्ही गाड्या विकता का? हा प्रश्न रास्त होता. गाडीच्या जाहिरातीत गाडी नसेल तर कुणीही विचारील. जुन्या गिऱ्हाइकांना वाईट वाटलं, तेही समजण्यासारखं आहे. आपल्या ओळखीच्या दुकानाची पाटी एका रात्रीत बदलली तर आपणही दारात थबकू. पण प्रतिक्रिया तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्या माणसांच्या कपड्यांवर, रंगावर, चालण्यावर घाणेरडं बोललं गेलं. जॅग्वारचे प्रमुख रॉडन ग्लोव्हर यांना जाहीरपणे सांगावं लागलं की, जाहिरातीतल्या माणसांबद्दल जो द्वेष ओकला गेला त्यानं आपण व्यथित झालो. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प यांनीही या जाहिरातीची जाहीर टर उडवली.

आता मला एक सांगा. आजवर गाड्यांच्या जाहिरातीत बाई कुठं असायची? गाडीला रेलून उभी. तोकड्या कपड्यात. तिच्या हातात किल्ली नसायची, ती कुठं जाणार नसायची. तिचा त्या गाडीच्या इंजिनाशी काय संबंध होता? कुणा अब्जाधीशानं तेव्हा विचारलं का, की तुम्ही गाड्या विकता की बाया? स्त्रियांच्या असभ्य चित्रणाविरुद्धचा कायदा आपल्या देशात १९८६ साली आला, तो बायकांनी आरडाओरडा केला म्हणून. तेव्हा आम्हाला म्हणायचे, एवढं काय मनावर घेता, जाहिरातच तर आहे! बाई शोभेची वस्तू झाली तेव्हा ती नुसती जाहिरात होती. पुरुष थोडा बायकी दिसला, की संस्कृती बुडाली.

म्हणजे राग गाडी दिसली नाही याचा कमी होता. ‘आपली’ गाडी, मर्दाची गाडी, बायकी झाली, हा खरा राग होता.

मग पुढं काय झालं तेही ऐका, कारण पारावरची पोरं ते पुरावा म्हणून सांगतात. एप्रिल २०२५ मध्ये अख्ख्या युरोपात जॅग्वारच्या ४९ गाड्या नोंदल्या गेल्या. आदल्या वर्षी त्याच महिन्यात १,९६१ होत्या. लगेच बोभाटा झाला: बघा, बायकी जाहिरात केली, धंदा बसला! पण कंपनीनं बहुतेक जुन्या गाड्या बनवणंच थांबवलं होतं. पुढं फक्त विजेवर चालणाऱ्या, जास्त महागाच्या गाड्या काढायच्या, असं तिनं आधीच ठरवलं होतं. दुकानात माल नाही, तर विक्री कुठून? आणि खप तर जाहिरातीच्या कितीतरी आधीपासून उतरत होता. २०१८ च्या सुमारास वर्षाला पावणेदोन लाखांवर गाड्या जात, त्या जाहिरात येण्याआधीच सत्तर हजारांच्या खाली आल्या होत्या. पण घर बुडालं की बाईच्या पायगुणावर ढकलायचं, ही सवय आपल्याला ओळखीची आहे ना? सोयाबीनला भाव मिळाला नाही तरी नव्या सुनेचा पायगुण वाईट. जॅग्वारचंही तसंच झालं.

पण मैत्रिणींनो, म्हणून कंपनीला आपली मैत्रीण समजू नका. तिनं वेगळी माणसं जाहिरातीत उभी केली ती लाख पौंडांवरची गाडी विकायला. पूर्वी बाई उभी केली, आता रंगीबेरंगी माणसं उभी केली. आपण हे पाहिलेलं आहे. १९७५ पासून बाजारात असलेल्या ‘फेअर अँड लव्हली’चं नाव २०२० साली ‘ग्लो अँड लव्हली’ झालं. नावातून गोरेपणा गेला, पण मुलगी पाहायला येणाऱ्यांच्या डोळ्यांतून तो गेला का? ट्यूबवरचं नाव कारखान्यात बदलतं. डोळ्यांतलं आपल्यालाच बदलावं लागतं.

नाव बदलणं वाईट, असं मात्र मी म्हणत नाही. जॅग्वार कंपनीचंही आधीचं नाव वेगळंच होतं, एस.एस. पण त्या दोन अक्षरांना हिटलरच्या खुनी दलाची आठवण चिकटली, म्हणून १९४५ साली ते टाकून जॅग्वार हे नाव कायम केलं. आणि आपल्या सातारा जिल्ह्यात २०११ साली पावणेतीनशेहून जास्त मुलींनी एका समारंभात आपलं ‘नकुशी’ हे नाव टाकून दिलं आणि नवं घेतलं. नको असताना झाली म्हणून नकुशी! ते नाव बदललं तेव्हा कुणा मर्दाला राग आला नाही. पण नाव ठेवताना तरी कुणाला आला होता?

आणि आपलं स्वतःचं काय? तांदळाच्या ताटात अंगठीनं आपलं नवं नाव लिहिलं गेलं, तेव्हा आपल्याला कुणी विचारलं होतं का? एका गाडीची अक्षरं बदलली तर जगभर चर्चा होते. बाईचं अख्खं नाव बदलतं, बापाचं जातं, नवऱ्याचं येतं, आणि त्या दिवशी जिलेबी वाटतात. मी माझं नाव बदललं नाही. एका कार्यालयात मला त्यासाठी चार हेलपाटे घातले. खिडकीतला माणूस म्हणाला, “बाई, नक्की लग्न झालंय ना?”

या टाटांच्याच घराण्यातली एक गोष्ट सांगते. १९७४ साली त्यांच्या टेल्को कंपनीची इंजिनिअर हवेत अशी जाहिरात आली. खाली लिहिलं होतं, स्त्रियांनी अर्ज करू नये. बंगलोरला शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी या मुलीला राग आला. तिनं थेट जे.आर.डी. टाटांना पोस्टकार्ड टाकलं. तिला मुलाखतीला बोलावणं आलं, नोकरी मिळाली. त्याच सुधा मूर्ती. २००३ साली टेल्कोचं नाव टाटा मोटर्स झालं. आज त्याच कंपनीच्या पुण्याच्या कारखान्यात मोठ्या गाड्या जोडणारी एक अख्खी ओळ बायका चालवतात. पाटी बदलली म्हणून हे झालं नाही. एकीनं पोस्टकार्ड लिहिलं, मागून पुष्कळजणींनी पाना हातात धरला, तेव्हा झालं.

आता त्या मुलाकडे परत येते. आपण कुठं उभ्या आहोत? नामदेवांच्या गावात. इथले वारकरी विठ्ठलाला काय म्हणतात? विठाई. ज्ञानोबांना काय म्हणतात? माउली. दाढीमिशीचे बाप्ये टाळ वाजवत गोपी होऊन गौळण गातात. नामदेवांच्या घरची जनाबाई, तिच्या जात्याला देव हात लावतो, तिच्यासंगं दळतो. दळण हे बाईचं काम, म्हणून विठ्ठल बायल्या झाला का? ज्या गावानं देवाला आई म्हटलं, त्या गावात गोड गाणाऱ्या पोराला बायल्या म्हणून घरात कोंडायचं?

पण बोट दुसऱ्याकडे दाखवताना तीन माझ्याकडे आहेत. नवीन नवीन कामाला लागले तेव्हा पाण्यासाठी मोर्चा काढला होता. साहेब भेटेना. मी पुढं होऊन त्याच्या टेबलावर बांगड्यांचा डझन ठेवला. टाळ्या पडल्या. पेपरात फोटो आला. फार अभिमान वाटला. परतताना जीपमध्ये एका म्हाताऱ्या मावशीनं विचारलं, “पोरी, बांगड्या भरलेल्या हातानंच आपण एवढ्या घागरी वाहिल्या ना? मग त्याला कमीपणा म्हणून का दिल्या?” मला उत्तर आलं नाही. त्यानंतर मी कुणाला बांगड्या दिल्या नाहीत.

बायल्या, बांगड्या भर, चूल सांभाळ: या शिव्या पुरुषाला दिल्या जातात, पण लागतात आपल्याला. कारण शिवीतला ऐवज आपण आहोत. बाई असणं हेच हलकं, म्हणून तिच्यासारखं दिसणं हा गुन्हा. तो मुलगा भजनाला येऊ शकत नाही आणि तुमची लेक स्कूटी शिकली तर गावभर चर्चा होते, या दोन गोष्टी एकाच दाव्याला बांधलेल्या आहेत.

आता जाताना तीन कामं ठरवू. पहिलं, एकादशीच्या भजनाच्या आधी आपल्यातल्या पाचजणी त्या मुलाच्या घरी जातील. उपदेश करायचा नाही. गौळण कोण म्हणणार, एवढंच विचारायचं. त्याला यायचं नसेल तर चहा पिऊन परत यायचं, पुन्हा जायचं. दुसरं, तो व्हिडिओ ज्याच्या मोबाईलवर असेल त्यानं पुसायचा. तो मोबाईल आपल्याच लेकांच्या हातात आहे, त्याचा रिचार्ज आपल्याच पैशानं होतो. तिसरं, गटातून कर्ज काढून घरात गाडी आली असेल, छोटा हत्ती असो की स्कूटी, तिचं आर.सी. बुक काढून बघा. हप्ते तुमचे असतील तर नाव कुणाचं आहे? १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढं आईचं नाव लावायचं, असं महाराष्ट्र सरकारनंच ठरवलं आहे. मग गाडीच्या कागदावर आईचं नाव यायला काय हरकत आहे?

गाडीच्या काचेवर ‘आईचा आशीर्वाद’ तर सगळेच लिहितात.