मोटारीच्या छताचे अस्तर



आज मोटारीविषयी थोडे बोलू. इंजिनाविषयी नव्हे, ते मिस्त्रीचे काम. छताला आतून कापड लावलेले असते ना, त्याविषयी. कोटाला असते तसे मोटारीचे अस्तरच ते.

आपल्या नांदेड-लातूरकडे उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. उन्हात उभ्या मोटारीच्या टपाला हात लावून पहा, चटका बसतो. त्या पत्र्याखालीच हे अस्तर. काही उन्हाळे सोसले की ते सुटते आणि खाली लोंबते. लोक म्हणतात, लोंबेना का, गाडी तर चालते! पण लोंबते कापड आरशाआड येते आणि मागची एस.टी. दिसत नाही. आमच्या ओळखीच्या एका काळी-पिवळीवाल्याचे अस्तर तर वाऱ्याने चालत्या गाडीत त्याच्या डोक्यावर आले. गाडी बाभळीला टेकली. माणसे वाचली एवढेच.

अस्तर दोन तऱ्हेचे असते. अँबॅसडर आणि फियाट या जुन्या मोटारी. अँबॅसडर तर २०१४ पर्यंत बनत होती. त्यांत अस्तर लोखंडी सळयांवर टांगलेले असते. परकराच्या नेफ्यात नाडी ओवतात ना, तशी कापडाच्या प्रत्येक नेफ्यात एक सळई. कडा तेवढ्या चिकटवलेल्या. नेफ्याचा दोरा कुजला की कापड लोंबते. म्हणजे हे शिवणकामच झाले! जुने अस्तर उसवावे, ते नव्या कापडावर ठेवून बेतावे. दोरा नायलॉनचा घ्यावा. सळया काढताना मात्र पुढून मागे १, २, ३ असे आकडे टाकून ठेवा. त्यांची लांबी आणि बाक सारखा नसतो. अदलाबदल झाली तर अस्तर कधीच ताणून बसत नाही. नवे रेक्झिन असेल तर आधी घटकाभर उन्हात ठेवा, नरम पडते.

नंतरच्या बऱ्याच मोटारींत सळया नाहीत. तिथे एक साच्यातला पुठ्ठा असतो आणि त्यावर फोम लावलेले कापड. इथे लोक फसतात. डिंक सुटला असे समजून तेच कापड पुन्हा चिकटवतात. अहो, डिंक नाही, फोम गेलेला असतो! उष्णतेने त्याचा भुगा होतो. भुग्यावर डिंक कसा धरणार? आठ दिवसांत पुन्हा लोंबते. टाचण्या लावणे हीही तात्पुरतीच सोय.

आधी बॅटरीची तार सोडवा. मग दिवा, आरसा, उन्हाच्या झडपा काढा. पुठ्ठा न मोडता दारातून बाहेर घ्या. नाकाला फडके बांधून सगळा भुगा नरम ब्रशने झाडा. तारेचा ब्रश नको, पुठ्ठा फाटतो. नवे फोमचे कापड चहूकडून चार बोटे मोठे कापा. उष्णता सोसणारा डिंक दोन्ही बाजूंना पातळ लावा आणि थांबा. बोटाला लागेनासा झाला की मधून सुरुवात करून तळहाताने कडांकडे दाबत जा. घाई केली तर ओला डिंक कापडातून वर येतो आणि डाग राहतो.

हे काम उघड्यावर करा. या डिंकाचा वास डोक्यात जातो आणि तो पेटतोही. जवळ विडी नको.

नव्या मोटारींत छताच्या कडेला, अस्तरामागे, हवेच्या पिशव्या असतात. अपघातात त्या क्षणात फुगून डोके वाचवतात. अशा गाडीच्या अस्तराला आपण हात लावू नये. ते जाणत्या कारखान्याचे काम.

किती वेळ थांबायचे ते डिंकाच्या डब्यावर छापलेले असते. आकडे तर तुम्हांला आता येतातच. उद्या वर्गात मी एक रिकामा डबा आणतो, त्यावरचे आपण मिळून वाचू.