गाडीची शेपटी

मोटारसायकल चालवणारा पुढे बघतो. मागे काय चाललंय ते मागे बसलेल्यालाच कळतं. मी आयुष्यभर दुसऱ्याच्या मागे बसत आलो. त्यामुळे गाडीच्या मागच्या अंगाविषयी चार शब्द बोलायचा अधिकार मला थोडा जास्तच आहे, असं धरून चालतो.

श्रोतेहो, आमच्या रत्नागिरीत संध्याकाळी मारुती मंदिरापाशी पाच मिनिटं उभे राहा. एमएच ०८ची पाटी लावलेली, शर्यतीच्या घाटाची एखादी गाडी सूंकन जाईल. नीट पाहिलंत तर मागचा मडगार्ड गायब दिसेल. नंबरप्लेट सीटखाली आडवी झोपवलेली आणि तिच्या बाजूला इंडिकेटर म्हणून दोन बारीक ठिपके. पोरं याला 'शेपटी कापणं' म्हणतात. १९९९ साली सीबीझेड आली, २००१ साली पल्सर आली, तेव्हापासून हे वेड हळूहळू वाढत गेलं. २००८ साली यामाहाची आर-१५ आली आणि मग विचारू नका. २०११ साली त्याच गाडीची दुसरी आवृत्ती निघाली. तिची शेपटी उंच आणि टोकदार, सीट दोन तुकड्यांची, मागचा टायर १०० मिलिमीटरचा होता तो १३० झाला. जुनी गाडी असलेल्यांच्या जिवाची जी काही तगमग झाली, ती मी घरातच पाहिली आहे.

माझ्या भाच्याने अशीच एक जुनी गाडी घेतली आणि शेपटी स्वतःच बनवायला बसला. हे काम तो शिकला कुठे, तर मिरकरवाड्यात, होड्यांना फायबर चढवणाऱ्या कारागिरांकडे. चटई अंथरायची, तिच्यावर हार्डनर घातलेलं रेझिन ब्रशने चोपडायचं, हवेचे बुडबुडे दाबून काढायचे, सुकलं की दुसरा थर. होडीची विद्या मोटारसायकलला लावली. आधी थर्माकोलचा साचा कोरला. पण हे रेझिन थर्माकोलला विरघळवतं, म्हणून साच्यावर चिकटपट्टी गुंडाळावी लागते. हवेत ओल असली तर रेझिन धड सुकत नाही. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तेव्हा हा उद्योग मृगाच्या आधीच आटपायला हवा.

दिव्यांची आणखी एक गंमत. जुने बल्ब काढून बारीक एलईडी लावले की इंडिकेटर वेड्यासारखे भराभर लुकलुकायला लागतात. एलईडी वीज फार थोडी खातो, त्यामुळे आतल्या रिलेला वाटतं, बल्ब उडाला. मग रिले बदला, नाहीतर मध्ये रेझिस्टर घाला. बारावीला फिजिक्समध्ये जेमतेम तरलेला हा मुलगा हे सगळं मला तासभर समजावत होता. पोरं हात काळे करून काही घडवतात तेव्हा त्यांना 'उनाड' म्हणणाऱ्यांत मी नाही.

पण प्रश्न कापण्याचा आहे. कापाकापी माझ्याही धंद्यात आहे. कवितेतली ओळ खोडली आणि कविता तरीही उभी राहिली, तर ती ओळ फालतू होती असं मी समजतो. गाडीचा हिशेब वेगळा. मडगार्ड काढला तरी गाडी उभी राहते, पळतेही. त्याची गरज गाडीला नसतेच मुळी, मागच्याला असते. जुलैत भाट्याच्या पुलावर अशा गाडीमागे राहून पाहा. जांभ्याचा लाल चिखल सरळ तोंडावर येतो. पाठीवरची लाल रेघ तर चालवणाऱ्याला घरी गेल्यावर आईच दाखवते.

आणि साडीगार्ड. पोरांना तो सगळ्यात नकोसा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यातला १२३वा नियम सांगतो की मागे बसणाऱ्याला धरायला कडी हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकलेला हवा, कपडे अडकू नयेत म्हणून. सरकारी भाषेत 'कपडे'. आमच्या मोहल्ल्यात त्याचा अर्थ ओढणी, साडीचा पदर, बुरख्याचा घोळ. काही वर्षांपूर्वी आमच्याच गल्लीतली एक मुलगी ओढणी चाकात गेल्याने भर रस्त्यात पडली. वाचली, पण मानेवरचा वळ बरेच दिवस होता. त्या गाडीला साडीगार्ड नव्हता.

माझी धाकटी बहीण, म्हणजे भाच्याची आई, बुरखा घालून एका बाजूला बसते. तिने नव्या शेपटीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, ''मी बसायचं कुठं?''
भाचा म्हणाला, ''अम्मी, ही स्पोर्ट गाडी आहे.''
''मग बाजाराला रिक्षाचे पैसे तू देशील?''

मी मध्ये पडून एवढंच सांगितलं की शर्यतीच्या गाडीला मडगार्डही नसतो आणि नंबरप्लेटही नसते, हे खरं. पण मोटोजीपीतसुद्धा पाऊस पडला की प्रत्येक गाडीला मागे लाल दिवा पेटता ठेवावा लागतो. मागच्याला पुढचा दिसला पाहिजे, ही अट तिथेही सुटलेली नाही. हातखंब्याच्या पुढे, पावसात, रात्री, ट्रकवाल्याला तुझा ठिपका दिसेल का?

कायदाही होताच. २०१९च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नोंदणीतला तपशील बदलेल असा फेरफार कंपनीच्या मूळ रचनेत करता येणार नाही. भाच्यावर कायद्यापेक्षा रिक्षाच्या पैशांचा परिणाम झाला असावा. त्याने फायबरची शेपटी ठेवली, पण ती वरची टोपी म्हणून. आतली लोखंडी चौकट कापली नाही, कारण मागच्या माणसाचं वजन तीच पेलते. साडीगार्ड परत चढला, काळ्या रंगात. मूळचा टेललाइट आणि लाल रिफ्लेक्टर जागेवर आले, नंबरप्लेट सरळ उभी राहिली. मडगार्ड तेवढा चार बोटं आखूड आहे. त्यावरून मायलेकांत अजून धुसफूस चालते.

आता त्याच्याकडे आणखी दोन मुलं शेपट्या करून घ्यायला आली आहेत. मृग जवळ आलाय, ऊन फार दिवस मिळायचं नाही. दोघांनाही त्याने आधी विचारलं की मागे कोण बसतं. एक म्हणाला, कोणी नाही. दुसरा म्हणाला, आजी.